कोपराच्या उंचीची बटणं

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक माईंच्या हातात, दुसरं माझ्या, मधे दोरखंडासारखा पीळ आणि खाली पाण्याची धार. तेवढ्यात आतून टेस्टरदादाने हाक मारली, "मावशी, जरा इकडे या. हे आधी डोळ्याने बघा, मग मला काय बोलायचं ते बोला."

माईंनी टोक सोडलं. सगळा पीळ गर्रकन माझ्या अंगावर उलगडला आणि मी भिजून चिंब.

"माझी काय चूक होती?" मी म्हटलं.

"तू घट्ट धरलं होतंस," माई म्हणाल्या आणि हात पुसत आत गेल्या.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी घर विकायला काढलंय. गुडघे दुखायला लागल्यापासून एकटीने राहणं होत नाही. लेकीच्या शहरात, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात, आणि तिथे जायची ओढ माईंनाच जास्त आहे. घर घेणारं जोडपंही मिळालं. त्यांची अट एकच. वायरिंग फार जुनं आहे, ते बदलून द्या, नाहीतर आम्ही दुसरं घर बघतो. नेमकं तिथेच सगळं अडलं होतं, कारण ते वायरिंग भाऊजींनी, म्हणजे माईंच्या यजमानांनी, आपल्या हातांनी केलेलं. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे कपडे वाटून झाले, हत्यारं छापखान्यातल्या सोबत्यांनी नेली. भिंतीवरच्या तारा तेवढ्या राहिल्या होत्या.

आधी दोन वायरमन येऊन गेले. दोघांनाही माईंनी चहा पाजला, बिस्किटं दिली, पोराबाळांची चौकशी केली आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून दारापर्यंत पोचवून आल्या. शेवटी लेकीने मला फोन केला. "काकू, तू तिथे जाऊन बस. नाहीतर आई तिसऱ्यालाही चहा पाजून वाटेला लावेल."

तिसरा हा टेस्टरदादा. कानावर कायम टेस्टर खोचलेला असतो, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या त्याने घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "मावशी, ही बटणं इतकी खाली का? घरात सगळे गुडघ्यावर चालत होते का?"

माईंच्या घरातले सगळे बोर्ड कमरेच्या थोडे वर आहेत. नवा माणूस आला की अंधारात भिंत चाचपत राहतो. आमचे हे तर थोरल्या भावाला नेहमी चिडवायचे, "दादा, हे घर बुटक्यांसाठी बांधलंस का?" भाऊजी हातातलं काम न सोडता म्हणायचे, "नाही रे. ज्यांचे हात रिकामे नसतात, त्यांच्यासाठी."

त्यामागची हकिगत माईंनी मला कितीदा सांगितली असेल, देव जाणे. घर बांधून झालं तेव्हा लेक कडेवरची होती. भाऊजी छापखान्यात बाइंडर. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, पाठीला कापड लावायचं. विजेचं काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. छापखान्यातल्या मेकॅनिकच्या मागे उभं राहून बघितलं, तेवढंच शिक्षण. एका रविवारी त्यांनी माईंना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं. डाव्या कडेवर लेक दिली, उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली आणि म्हणाले, "आता दिवा लाव."

"कशाने लावू? नाकाने?" माई म्हणाल्या.

"कोपराने लाव."

माईंनी कोपर भिंतीला टेकवलं. भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढून तिथे रेघ ओढली. तीच उंची मग घरभर. प्रत्येक बोर्ड दाराच्या उजव्या हाताला, प्रत्येक बटण कोपराच्या रेघेवर. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा माईंना बघून चकित झाले होते. दोन्ही हात भरलेले, तोंडाने कुणाला तरी रागावणं चालू, आणि जातील त्या खोलीत त्यांच्याआधी उजेड. मला त्याचा हेवा वाटायचा. आमच्या घरी बटण दाराच्या मागे होतं.

तर आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरातला बोर्ड उघडून टेस्टरदादाने बाजूला टांगला होता. मेन स्विच बंद, म्हणून हातात बॅटरी. त्याने दोन बोटांनी एक जोड बाहेर ओढला. "हे काय आहे, सांगा बरं. मी इतक्या घरांच्या भिंती फोडल्या, पण असलं पाहिलं नाही."

तारांच्या जोडावर काळी चिकटपट्टी असते, हे मलाही माहीत आहे. इथे तांबडं कापड होतं. पुस्तकाच्या पाठीला लावतात ते जाड कापड, कडा आत दुमडून, खळ लावून, एकही सुरकुती न पडू देता चिकटवलेलं. एखादी छोटीशी वहीच बांधावी तसं. माईंनी बघितलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"त्यांचंच काम," त्या म्हणाल्या. "कोपरा कसा मोडलाय बघ. छापखान्यात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"काम देखणं आहे, मावशी. आता आतून बघा." टेस्टरदादाने पक्कडीने कापड उचकटलं. आतली बाजू कोळशासारखी काळी. तारेवरचं आवरण वितळून गाठी झालेल्या. लाकडी पट्टीही त्या जागी करपलेली. "हा एक नाही. मी चार उघडले, चारही असेच. कापड आणि खळ, म्हणजे आगीला आमंत्रण. ही पलीकडची खोली कुणाची?"

"मी झोपते तिथे," माई म्हणाल्या.

त्याने बॅटरीचा झोत त्या भिंतीवर फिरवला. माझ्या तोंडून "देवा" एवढंच आलं. इतकी वर्षं आम्ही तिथे गप्पा मारत बसलो, लेकीचं बाळंतपण त्याच खोलीत झालं. रोज दिवा लावताना मी सगळ्यांना सुखरूप ठेव म्हणून मागते. कुणाला कशापासून, हे मला कुठे ठाऊक होतं. ज्याला ठाऊक होतं त्याने ठेवलं.

माई भिंतीजवळ गेल्या. बोर्डाच्या मागच्या चौकोनाला कधी रंग लागला नव्हता, तिथे गिलावा जुनाच होता आणि त्यावर पेन्सिलची रेघ. त्यांनी उजवं कोपर तेव्हासारखं रेघेजवळ टेकवलं. कोपर खाली राहिलं. चांगलं तीन बोटं खाली. त्यांनी टाचा उचलून बघितल्या, गुडघा दुखला, परत खाली आल्या.

"रेघ वर गेली गं," त्या म्हणाल्या.

ओलाच हात मी त्यांच्या पाठीवरून फिरवला.

मग ते करपलेलं कापड त्यांनी हातात घेतलं, नखाने काळं खरवडलं आणि टेस्टरदादाला म्हणाल्या, "त्यांनी हे मला त्रास होऊ नये म्हणून केलं होतं. हे असं होईल असं त्यांना कळलं असतं, तर त्यांनीच सगळं उपटून टाकलं असतं. काढ बाबा. एक तार ठेवू नकोस."

"आणि चहा?" तो म्हणाला.

"काम कर आधी."

काम चालू झालं. भिंती खणल्या, नळ्या बसल्या, घरभर सिमेंटची धूळ. रोज दुपारी मी जायची, आम्ही दोघी पुसत बसायचो आणि माई हळूहळू गप्प होत चालल्या. नवे बोर्ड पांढरेशुभ्र, खांद्याच्या उंचीला, सगळीकडे असतात तसे. एकदा त्या दोन्ही हातांत धुतलेली भांडी घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. कोपर सवयीने भिंतीला लागलं. जुन्या बोर्डाची जागा लांबीने बुजवून गुळगुळीत केलेली भिंत. त्या तशाच अंधारात उभ्या. मी पुढे होऊन दिवा लावला.

"कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मग हसून, "बरंच झालं. पाहुणीला निघायला सोपं."

त्या हसल्या, पण भांडी पालथी घालताना पाठ माझ्याकडेच ठेवली.

मागची खोली शेवटी ठेवली होती. तिथला जुना बोर्ड अजून तसाच होता. त्या दिवशी घर घेणाऱ्या जोडप्यातली मुलगी पडद्यांची मापं घ्यायला आली. डाव्या कडेवर बाळ, उजव्या हातात पिशवी, खांद्यावरून घसरणारी पर्स. पुढच्या खोलीत दिव्यासाठी तिला पिशवी खाली ठेवावी लागली. तेवढ्यात बाळाने तिचे केस ओढले. मागच्या खोलीत शिरताना मात्र दिवा लागला. तिने बटण शोधलंसुद्धा नाही. कोपर जाता जाता लागलं, इतकंच.

"अरे, हे छान आहे," ती आपल्याशीच म्हणाली. मग टेस्टरदादाला, "दादा, स्वयंपाकघरातला एक बोर्ड असा खाली घेता येईल का? नवीन तारेवर?"

"येईल की. पण पोरगं रांगायला लागलं की बटणाशी खेळणार."

"आमची खेळायची," माई म्हणाल्या. "ती दिवा लावायची, घालवायची आणि मी तशातच रात्रीचा स्वयंपाक केलाय. चार धपाटे दिले, मग शहाणी झाली."

ती मुलगी हसली. "किती खाली घेऊ या?"

माईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली नाही. उलट तिला तशीच, बाळासकट, स्वयंपाकघराच्या दाराशी उजव्या भिंतीला उभी केली. "कोपर टेकव," त्या म्हणाल्या आणि टेस्टरदादाकडे पेन्सिलसाठी हात पुढे केला. रेघ त्यांनी स्वतः ओढली. पहिल्या रेघेपेक्षा दोन बोटं वर. मुलगी उंच आहे.

ती गेल्यावर आम्ही मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेलो. मी घड्या घालत होते. माई दोरीजवळ उभ्या राहून नुसतेच चिमटे काढत होत्या.

"मीटर अजून त्यांच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या.

मला माहीत होतं. दर महिन्याला बिल आलं की त्यावरचं नाव त्या एकदा मोठ्याने वाचतात, मग फळीवर ठेवतात. लेकीने कितीदा सांगितलं, आई, बदलून घे. माई म्हणायच्या, टपाल तरी येऊ दे त्यांना. आता घर द्यायचं तर आधी मीटर माईंच्या नावावर हवं.

"एकट्या नका जाऊ, मी येते," मी म्हटलं.

"ये. आणि मी तिथल्या साहेबाला पोराबाळांचं विचारायला लागले की मला कोपर मार."

उद्या सकाळी वीज कार्यालयात जाऊन मीटरवरचं भाऊजींचं नाव बदलून घ्यायचं आहे.