काका, कुकर आणि नाकापुरती हवा

हवा खायला सगळेच बाहेर पडतात. पण हवा चाखून तिच्यात काय कमी आणि काय जास्त झालंय हे सांगणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणायचो, आणि नोकरी लागल्यावर वाशीला त्यांच्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. काकांची उमेदीची वर्षं परळच्या एका गिरणीत गेली होती. हवा कोरडी झाली की मागावरचं सूत तटातट तुटतं, म्हणून खात्यातली हवा कायम दमट ठेवावी लागते. ते काम काकांकडे होतं. पुढे गिरणी बंद पडली, काका तळोज्याच्या कारखान्यात लागले, पण ती जबाबदारी त्यांनी मनातून कधी खाली ठेवली नाही. सकाळी बाल्कनीत उभे राहून ते जीभ किंचित बाहेर काढत आणि खाडीकडे बघत निकाल देत, "आज हवा झकास आहे. एक धागा तुटणार नाही." कुणाचा धागा, हे विचारायची सोय नव्हती. लग्नाच्या पंगतीत पापड ते आधी कानाशी मोडत आणि मगच खात. माझ्यासाठी उरणला मुलगी बघायला गेलो, तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि काका भिंतीला तळहात लावून उभे होते. परतताना मावशीनं विचारलं, "कशी वाटली हो?" काका म्हणाले, "पूर्वेच्या अंगाला ओल आहे. मुलगी चांगली आहे." तीच मुलगी पुढे माझी बायको झाली. भिंतीला ओल अजूनही आहे.

काका झोपतही अजब. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर तावातावानं बोलता बोलता त्यांचा डोळा लागे, आणि जाग आली की ते अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करत. तोवर मीटिंग संपून सतरंजी गुंडाळायला लोक त्यांच्या उठण्याची वाट बघत असत. घोरणं तर असं, की खालच्या मजल्यावरचे शेजारी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवत. मध्येच ते घोरणं बंद होई. सगळी बिल्डिंग सुखावे, आणि नेमकी तेव्हाच मावशी उठून बसे. कारण घोरण्याबरोबर काकांचा श्वासही थांबलेला असे. ती त्यांच्या छातीवर हात ठेवी, वाट बघे आणि मग गदागदा हलवी. "घोरतात तोवर मी निवांत असते रे," ती मला म्हणाली होती. "गप्प झाले की उठून बसते. एखाद्या दिवशी मलाच झोप लागली तर?" काकांना झोपेत यातलं काही जाणवत नसे. "तुझी मावशी उगाच टेन्शन घेते," असं म्हणून ते पुन्हा पेंगत.

शेवटी मावशीनंच त्यांना मुंबईच्या एका डॉक्टरांकडे नेलं. झोपेत घशाची वाट मिटते आणि श्वास अडतो, असं ते म्हणाले. नाकातून सतत हवा दाबून ती वाट उघडी ठेवणारं एक नवीन यंत्र परदेशात निघालंय, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या मामानं ते अमेरिकेहून आणलं. शिलाई मशीनच्या पेटीएवढा डबा, त्याला जाडजूड पाइप आणि पाइपाच्या टोकाला नाकावर बांधायचा मुखवटा. दुपारी चाचणी घेतली, तर त्याची घरघर ऐकून मासळीवाली दारातच थबकली. "काय वो मावशी, घरान गिरन लावली हाय का?"

काकांनी तो मुखवटा एकच रात्र घातला. सकाळी त्यांचं नाक आतून सोलल्यासारखं झालं होतं, घसा खरखरत होता. "ही हवा नाही, हा फुफाटा आहे," त्यांनी जाहीर केलं. "असल्या हवेत आमच्या खात्यातलं सूत टिकलं नसतं, माझं नाक काय टिकणार?" आणि यंत्र पलंगाखाली गेलं. मावशी भांडली नाही. तिनं फक्त यंत्र बाहेर काढून पुसलं, पुन्हा उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "नका घालू. मी आहेच जागी." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काकांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

मग मात्र काका पेटून उठले. हवा कोरडी आहे ना, मग दमट करू. तो तर त्यांचा धंदाच होता. त्यांनी जुना कुकर घेतला, झाकणाला दोन नळ्या बसवल्या, आत गरम पाणी ओतलं आणि यंत्राची हवा कुकरातून फिरवून नाकाकडे आणली. चूक एवढीच झाली की, पाणी त्यांनी नाकाच्या नाही, मागाच्या हिशेबानं तापवलं. रविवारी दुपारी पंख्याखाली ते झोपले. थोड्या वेळानं पाइपातून हुक्क्यासारखी गुडगुड यायला लागली. मी कुतूहलानं वाकून बघतोय तोच काका ताडकन उठले, मुखवटा ओरबाडला आणि ओरडले, "बुडालो!" नाकातोंडातून पाणी. पाणी कोमट ठेवलं तर नाक पुन्हा कोरडं. गरम ठेवलं, की पंख्यानं गार पडलेल्या पाइपात वाफेचं पाणी होऊन पुन्हा गुडगुड. पंखा बंद करावा तर वाशीच्या उकाड्यात मावशीनं काय करावं? कित्येक दिवस काका पाइप हातात धरून विचार करत बसत आणि तसेच झोपून जात.

उपाय निघाला तो भलत्याच कारणानं. झोपेत तो गार पाइप मावशीच्या हाताला लागे आणि तिला शहारे येत. वैतागून तिनं जुन्या लुगड्याची चार पदरी पट्टी काढली, गोधडीचे टाके घातले आणि पाइपाला नळकांड्यासारखं आंगडं शिवलं. त्या रात्री गुडगुड झालीच नाही. सकाळी काका ते आंगडं आतून, बाहेरून चाचपत होते. "अगं, हे लॅगिंग आहे, गिरणीत वाफेच्या पाइपांना गुंडाळतात ते! पाइप उबदार राहिला म्हणून पाणी धरलं नाही! तुला कुणी शिकवलं?"

मावशी मात्र गाढ झोपली होती. दूधवाला आला तेव्हाही झोपलीच होती. दार वाजू नये म्हणून काका आधीच जिन्यात जाऊन उभे राहिले होते. मी ऑफिसची तयारी करायला लागलो, तर त्यांनी मला बादलीही वाजवू दिली नाही. चहा त्यांनीच केला, आणि तो वाईट झाला होता. कप हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याकडे बघत राहिले. "मला वाटायचं, माझ्या घोरण्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो," ते हळूच म्हणाले.

ऊन पार पलंगापर्यंत आलं तेव्हा मावशी हलली. डोळे न उघडताच तिचा हात शेजारी गेला. जागा रिकामी लागली तशी ती किंचाळत उठली, "अहो!"

"आहे गं," काका म्हणाले. "आहे मी."

तिनं आवाजाच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि पुन्हा आडवी झाली. काका किती तरी वेळ तिथेच उभे होते, आणि मला त्या दोघांची इतकी माया आली, की तो वाईट चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.