सहा घरांचं बटण

केबलचा डबा माझ्या खोलीत आला तो मीच मागून आणला, कोणी माझ्या गळ्यात नाही टाकला. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जे झालं त्यात मी सगळ्यांना हेच सांगत फिरली की मला काय समजतं, मी सातवी नापास. तसं नव्हतं. मला सगळं समजत होतं.

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागं आमची सोसायटी होती. रो-हाऊसची मागची एक खोली आमची भाड्याची, आणि पुढचं अख्खं घर बँकवाल्या वहिनींचं. त्यांचे मिस्टर बँकेत, माणसं पुण्याकडची. आम्ही धुळ्याकडचे, घरात अहिराणी. आमचे हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी. पोरगी चार वर्षांची. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. मार्केटातून गठ्ठा यायचा, भरतकामाच्या मागचे लोंबते धागे कैचीनं साफ करायचे, मग साडीची घडी घालायची. घडीला दोन जण लागतात. एक टोक मी धरायची आणि दुसरं माझी पोर धरायची, हात वर करून, पायाच्या बोटांवर उभी राहून, आणि साडी तिच्यापेक्षा उंच असायची तर ती मागं दिसायचीच नाही.

मग ती टोक धरेनाशी झाली. दुपार झाली की ती पुढं जायची, वहिनींकडे. तिथं रंगीत टीव्ही, केबल, कार्टून. पहिले दारातून पाहायची, मग उंबऱ्यावर, मग सोफ्यावर. वहिनींना मूलबाळ नव्हतं. सुरवातीला मी खूश, म्हटलं माझा गठ्ठा लवकर होतो. आणि एक दिवस पोरगी परत आली आणि मला म्हणे, "आई, मला पाणी हवंय."

ती मला माय म्हणायची. "माय, पानी दे" म्हणायची. मी ग्लास भरून दिला, पण अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. त्या दिवसापासून मला वहिनींचं सगळंच दिसायला लागलं, त्यांचा गाऊन, त्यांचे धुतलेले पडदे, दुपारी पडून पुस्तक वाचायच्या ते, आणि मी इथं कैची घेऊन वाकलेली, बोटाला घट्टे. मी भिंतीला कान लावायची. टीव्हीच्या आवाजात माझ्या पोरीचं हसणं ऐकू यायचं. म्हटलं ही बाई माझी पोरगी नेते, आणि मी आपल्या हातानं दार उघडून देते.

मी ह्यांना म्हटलं, आपल्याकडे केबल पाहिजे. टीव्ही होता आमच्याकडे, सेकंडहॅन्ड, काळा-पांढरा, अँटेनावर कधी दिसे कधी मुंग्या. वहिनींकडे जो केबलवाला होता त्याचा महिन्याचा भाव ऐकून ह्यांनी हात जोडले. दुसरा एक होता, स्कूटरवर फिरायचा, तो अर्ध्यात देत होता. बायका म्हणत त्याची लाइन जाते. मी म्हटलं जाऊ दे, थोडी जाईल, परत येईल.

लागलं कनेक्शन. पोरगी दोन दिवस घरात बसली. पण रोज दोन वाजले की चित्र जायचं. ऐन कार्टूनच्या वेळेला. आणि चित्र गेलं की ती रडत नव्हती, भांडत नव्हती, गुपचूप चप्पल घालायची आणि पुढं जायची. मला वाटे भांडली असती तर बरं. त्या केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणे, "बेन, पीछे से गया है." रोज हेच, पीछे से. पीछे काय आहे ते काही सांगत नव्हता.

मग एक दिवस दोन वाजायच्या आधीच मी ती तारच धरून निघाली. पोरीला कडेवर घेतलं, मान वर केली आणि चालली. मी तोपर्यंत भाजीवाल्याच्या पुढं एकटी गेली नव्हती, मला भ्या वाटायचं की रस्ता चुकला तर कोणाला काय विचारू, मला गुजराती नीट येत नव्हती. पण तार सोडली नाही. गच्चीवरून, खांबावरून, एका लिंबाच्या झाडातून, दोन ठिकाणी दुसऱ्या तारा मिसळलेल्या होत्या, पण आमची तार जरा निळसर होती. तिसऱ्या गल्लीत ती एका घरात घुसली. तिथं एक म्हाताऱ्या गुजराती बा दाराला कुलूप लावत होत्या. मी तारेकडे बोट केलं तर बांनी दार परत उघडून दाखवलं, दारामागं भिंतीला टिफिनएवढा डबा होता. त्यातूनच सगळ्यांची लाइन पुढं जायची, आणि डब्याला करंट बांच्या घरातला, म्हणून बांना केबल फुकट. बा रोज दोन वाजता भजनाला जायच्या आणि जाताना बटण बंद करायच्या. मी खुणेनं विचारलं का, तर बा म्हणे, आग लागे तो? म्हणजे आग लागली तर.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

केबलवाल्याला मी उभ्या उभ्या सांगितलं की डबा माझ्या खोलीत लावा. मी कुठं जात नाही, भजनाला नाही, पिक्चरला नाही, मला घराबाहेर निघायचंच भ्या वाटतं, तुमचं बटण कधी बंद होणार नाही. तो हसला. म्हणे असं माणूस तर मी शोधतच होतो. ह्यांनाही चाललं, कारण लाइट खोलीभाड्यातच होती. डबा लावताना त्यानं मला दोनदा सांगितलं, "बेन, स्वीच बंद नई करवानी हं. तुमचं चालेल, तुमचं डब्याच्या पहिले निघतं. पण पुढची सहा घरं बंद थई जशे."

डबा गरम व्हायचा आणि घूं घूं करायचा. मी त्याच्याखाली पाण्याची बादली भरून ठेवली. हे म्हणे, अगं विजेवर पाणी टाकतात का, मरशील. मग मी बादलीत वाळू आणली. स्वयंपाक करताना, धागे कापताना माझं ध्यान डब्याकडे. पण चित्र कसं, आरशासारखं. पोरगी पंधरा दिवस माझ्यासमोर बसली. साडीचं टोक धरायची, मान टीव्हीकडे, पण धरायची. मला वाटलं मी जिंकली.

मग वहिनी आल्या पाहायला. "तुमच्याकडे किती स्वच्छ दिसतं हो," म्हणे, "आणि आम्ही आपले दुप्पट देतोय." आठवड्यात त्यांनी पण हाच केबलवाला घेतला. त्यांची तार माझ्या डब्यातून. आणि पोरगी उठून परत तिकडे जायला लागली. तेच कार्टून, रंग सोडला तर तेच चित्र, माझ्याकडेपण, आणि ती तिकडे.

एका दुपारी मी पोरीला इथंच बसवायला पाहिलं, म्हटलं, "कोठे जाई ऱ्हायनी? आठेच देख ना." ती दारातूनच म्हणे, "काकूंकडे छान आहे." काय छान आहे ते नाही सांगितलं.

मी कैची खाली ठेवली. डब्याजवळ गेली. वाटलं शॉक बसेल आणि मला शिक्षा होईल. पण मी बटण बंद केलं.

घूं घूं थांबलं. माझा टीव्ही चालूच. भिंतीपलीकडचा आवाज गेला. मी उंबऱ्यात उभी राहून वाट पाहत होती, आता येईल, आता येईल. ती नाही आली. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. एक जण मला म्हणे, काय गं, तुझ्याकडे येतंय का? मी मागं हात करून दार ओढलं, म्हटलं नाही येत, माझंपण गेलं. तेवढ्यात आत माझ्या टीव्हीवर जाहिरात लागली, मोठ्यानं. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. मी तिथून जी निघाली ती सरळ वहिनींच्या दारात.

टीव्ही काळा होता. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, मधी सुरती पापडीच्या शेंगांचा ढीग. माझी पोर शेंगा सोलत होती आणि दाणे मोजत होती, आणि वहिनी पुस्तक पालथं ठेवून नुसत्या तिच्याकडे पाहत होत्या, दुसरं काहीच करत नव्हत्या. टीव्ही बंद आहे हे पोरीला माहीतपण नव्हतं. मी तिच्याकडे असं कधी पाहिलं ते मला आठवेना.

वहिनी म्हणे, "टीव्ही कधीचा गेलाय. पण हिला कुठे हवा असतो."

मागून स्कूटरचा आवाज आला. कोणीतरी केबलवाल्याला बोलावलं होतं. तो सरळ माझ्या खोलीत गेला, मी मागं धावली, वहिनीपण आल्या. त्यानं डब्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "डबो थंडो छे, बेन."

वाटलं आता डबा गेला, केबल गेली, गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. वहिनी पुढं झाल्या. "मीच सांगितलं बंद करायला," म्हणे, "फार गरम झाला होता, वास येत होता." बँकवाल्यांच्या घरची बाई म्हणते तर तो काय बोलणार. त्यानं बटण दाबलं, वायर हुंगली आणि गेला.

बटण बंद का होतं हे त्यांना समजलं होतं. मला विचारलंच नाही. निदान टोमणा मारला असता तर मी भांडली तरी असती. इतकं चांगलं वागणंपण त्यांनाच यावं, ह्याचापण मला त्या दिवशी राग आला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पोरीनं चप्पल घातली. मी टीव्ही चालू ठेवला, डबा चालू ठेवला, साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतला आणि तिच्या मागं गेली. वहिनींनी सोफा सरकवला. मी दोघींच्या मधी बसली, मुद्दाम. कापून झाल्यावर घडीची वेळ आली तेव्हा वहिनी उठल्या आणि दुसरं टोक धरलं. साडी आम्हा दोघींच्या मधी ताणली, तर पोरगी तिच्याखालून इकडून तिकडे पळायला लागली, एकदा माझ्याकडे, एकदा तिकडे. मी मोजत होती. माझ्याकडे एकदा जास्त आली.

पण ती साडी वहिनींच्या हातात जास्त शोभत होती, तेपण मी पाहिलं.