एकोणिसावा हप्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे विचारले तर मी छापखान्यातल्या चाचांचे नाव घेतो. पुस्तकांची बांधणी हे त्यांचे काम. मी गारगोटीच्या शाळेतून कोल्हापुरात आलो. महाराजांच्या बोर्डिंगात राहण्याजेवण्याची सोय झाली, पण वह्यांना पैसे नव्हते. चाचा कापून उरलेला कागद शिवून मला वह्या करून देत. बी. ए. झालो तेव्हा मालकांकडे शब्द टाकून त्यांनीच मला तिथे कारकून म्हणून चिकटवले. आमच्या घरात सही करता येणारा मी पहिला. त्या सहीचा मला ताठा होता.

मी लागलो त्याच सुमारास चाचांवर कोर्टाचा हुकूम आला. ते मेहुण्याला जामीन राहिले होते. मेहुणा गाव सोडून गेला आणि रक्कम यांच्यावर आली. चाचांच्या पगारातून दरमहा दोन रुपये कापून मालकांनी कोर्टात भरावे, असे अठरा हप्ते ठरले. कापणे आणि भरणे, दोन्ही माझ्याकडे.

चाचांना अक्षर येत नव्हते. हप्ता कापला की ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दाभणाने एक भोक पाडत. एका पगाराला मी दोन रुपये बाजूला ठेवून म्हणालो, "चाचा, हा शेवटचा."

"शेवटचा मागल्या खेपेलाच झाला की, रावसाब," ते म्हणाले. "अठरा भोकं हायत. मोजा."

मी पुठ्ठा हातातसुद्धा घेतला नाही. पगारपत्रकातल्या महिन्यांवरून बोट फिरवले. या महिन्यासकट अठरा भरले. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक जण म्हणाला, "चाचा, पुठ्ठ्याला डास चावला आसंल." सगळे हसले. त्या भरात मी म्हणालो, "भोकं वाढवून कोर्टाचं देणं फिटत नाही. या वयात खोटं बोलू नये."

हसणे थांबले. चाचांनी उरलेला पगार उचलला, पुठ्ठा बंडीच्या खिशात ठेवला. "बरं," एवढेच म्हणाले. चार दिवसांनी काम सोडून ते लेकीकडे आजऱ्याला गेले.

पुढे सगळे हप्ते फिटल्याची कोर्टाची चिठ्ठी आली. तरी हप्त्यांच्या थैलीत दोन रुपये शिल्लक राहिले. मी पत्रक पुन्हा काढले. आमच्याकडे पगार अमावास्येला होई, कोर्टात मी इंग्रजी महिन्याने भरत असे. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. दोन श्रावणांचे दोन पगार, दोन्हींतून हप्ता कापलेला, एकाखाली एक लिहिलेला. नाव एकच म्हणून मी तो एकदाच मोजला होता. मोजण्यात चूक कोणाचीही होते. "खोटं बोलू नये" हे मात्र मीच म्हणालो होतो.

मालकांना सांगितले. ते म्हणाले, "दोन रुपयांपायी छापखान्याचं हसं कशाला करता? दिवाळीला पोस्त म्हणून धाडून द्या." मला तो सल्ला आवडला. आठ दिवस मी गप्प बसलो, हे लिहितानाही मान खाली जाते. मग पगाराच्या दिवशी सगळे जमले असताना चूक सांगितली. तोच खिळे जुळवणारा म्हणाला, "आमाला सांगून काय हुतंय? त्येनला सांगा."

पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर 'थोडा गैरसमज झाला' असे लिहिले. मग ध्यानात आले, की हे पत्र जावई वाचून दाखवणार आणि सगळे घर ऐकणार. सासरे काम टाकून का आले, हे त्या घरात कोणीतरी विचारलेच असेल. तो कागद फाडला आणि हे पाठवले:

"चाचांना सलाम. वाचणाऱ्याने हे घरातले सगळे बसलेले असताना मोठ्याने वाचावे.

तुमचे अठरा बरोबर होते. अधिक श्रावणातला हप्ता मी मोजला नाही, म्हणून एकोणिसावा कापला. चूक माझी. सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटे ठरवले. तुम्ही खोटे बोलला नव्हता, हे मी त्याच लोकांसमोर सांगितले आहे. दोन रुपये मनिऑर्डरने पाठवले आहेत. ते पोस्त नव्हे, तुमच्याच पगाराचे आहेत. कोर्टाची चिठ्ठी सोबत आहे, जपून ठेवा.

मालकांनी तुमची जागा अजून भरलेली नाही. परत या म्हणायला मला तोंड नाही. पण आलात, तर पगाराच्या दिवशी आधी तुम्ही मोजा, मग मी मोजीन."