जांभळाची हुकलेली बाटली

किस्से कुणी जमवायला बसत नाही हो. माणसं एका छपराखाली नोकरी करतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, भांडतात, आणि रिटायर झाल्यावर लक्षात येतं की फंडापेक्षा किस्सेच जास्त साठलेत! फंड संपतो. किस्से सांगायला बसावं तर ऐकणाऱ्यातलं निम्मं मंडळ उठून गेलेलं असतं.

परवा भाचा नाशिकहून आला. तिथल्या द्राक्षमळ्यात फिरून, चार घोट चाखून वगैरे. "मावशी, ही खास तुझ्यासाठी. स्वीट वाइन!" बाटली देखणी होती. मी म्हटलं, "ठेव फ्रिजमध्ये." अजून उघडलेली नाही. एकटीनं काय उघडायची?

आमच्या वेळी गोड वाइन ही आणायची वस्तू नव्हती. ती जमवायची वस्तू होती. आणि आम्हाला ती आयुष्यात एकदाच जमली.

आम्ही म्हणजे तिघं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनचे सुटे भाग बनायचे, तिथले. मी लॅबमध्ये, तेलं तपासायला. दिगंबर कुलकर्णी अकाउंट्समध्ये. घराणं पैठणचं, भिक्षुकीचं, बोलणं तोलून-मापून. आणि स्टोअरमध्ये आबा काळे. आबाची शेती लासूर स्टेशनजवळ. रोज सकाळी पॅसेंजरनं मुकुंदवाडीला उतरायचा आणि तिथं ठेवलेल्या सायकलवरून कारखान्यात यायचा. आबा मला ताई म्हणायचा, दिगंबर जोशीबाई म्हणायचे. आणि आबा दिगंबरना सरळ "दिगू"! अख्ख्या कारखान्यात ती हिंमत फक्त आबाची.

* * *

सुरुवात गारपिटीनं झाली. आबाच्या बागेतली मोसंबी खाली पडली, त्यातली पोतंभर त्यानं कारखान्यात आणली. सगळ्यांनी पिशव्या भरून नेल्या तरी ढीग तसाच. टाकून द्यायची वेळ आली तेव्हा दिगंबर चष्मा पुसत म्हणाले, "याचं आसव करता येईल."

"आसव म्हंजे?" आबानं विचारलं.

"म्हणजे दारूच. पण ब्राह्मणाची!"

झालं. लॅबमध्ये काचेची मोठी बरणी होती, मला रसायनशास्त्र येत होतं, दिगंबरना आजोबांचे काढे-आसवं आठवत होती आणि आबाकडे फळं होती. आम्ही उत्साहाच्या भरात सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यासकट, बियांसकट सगळं पिळलं. साखर, यीस्ट, वर फडकं. बुडबुडे आले तेव्हा आम्ही बाळाचे ठोके ऐकावेत तसे बरणीला कान लावून उभे!

चाखायचा दिवस आला. कडू जहर! दिगंबरनी देवाचं तीर्थ घ्यावं तसं निमूटपणे गिळलं. आबानं मात्र ग्लास उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "ताई, हे प्यायचं व्हय? का तणावर फवारायचं?"

* * *

मोसंबीनंतर सीताफळ. दौलताबादकडून टोपलीभर आणली, गर काढला, बरणीत घातला. सीताफळाची वाइन होत नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकते. जे झालं ते ओतलं की धार तुटत नव्हती.

नेमके त्या दिवशी प्लँट मॅनेजर लॅबमध्ये आले. नवीन होते, बाहेरगावचे, शिस्तीचे. बरणीशी थांबले. "हे काय?"

आबा तिथंच स्टोअरचा माल द्यायला आला होता. तो म्हणाला, "सॅम्पल हाय साहेब. नवीन. अजून मार्केटमधी नाय."

साहेबांनी काचकांडी बुडवली. वर काढली. खाली लोंबणारी तार बराच वेळ कौतुकानं पाहिली.

"व्हिस्कॉसिटी छान आहे!" म्हणाले आणि गेले.

आमच्या कुठल्याही वाइनला वरिष्ठांकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी. आबा आठवडाभर स्टोअरमधून फोन करून विचारायचा, "ताई, व्हिस्कॉसिटी कशी हाय?"

* * *

मधे आम्ही असं ठरवलं की चांगली गोड वाइन म्हणजे नक्की कशी, हे आधी विकत आणून चाखावं. मी बाईमाणूस, त्या काळात दुकानाच्या पायरीवर उभी राहिले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आबाला विचारलं तर म्हणाला, "मला देशी सोडून कायबी देणार नाय त्ये." म्हणून दिगंबर गेले. हातात मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी, कपाळावर गंध.

दुकानदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "क्या होना साब?"

"गोड... मीठी वाइन."

"किसके वास्ते?"

"मेरे खुद के वास्ते."

दुकानदार कळवळला. "खुद के वास्ते होना तो फिर मीठी कायको, साब?"

दिगंबर मेथी घेऊन परत आले. म्हणाले, "त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

खरं म्हणजे होतं. पुढं एकदा डबा खाताना बोलता बोलता त्यांनी सांगितलं. लहानपणी आजोबांबरोबर कुणाच्या तरी घरी गेले असताना, ताप आला म्हणून त्या घरच्या म्हातारीनं त्यांना चमचाभर काहीतरी गोड पाजलं होतं. "छातीत दिवा लावल्यासारखं वाटलं," म्हणाले. ते घर कुणाचं, ते काय होतं, काही आठवत नव्हतं. निजामी संपवणाऱ्या पोलिस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत माणसं इकडची तिकडं झाली. विचारायला गेले तेव्हा तिथं दुसरेच लोक राहत होते.

आबा जेवायचा थांबला. म्हणाला, "मंग आपुन करू की! त्यात काय!"

* * *

पेरूची वाइन दिगंबरच्या घरी ठेवली, कारण त्यांच्या कपाटात अंधार आणि गारवा दोन्ही. झाकणं मात्र आम्ही जरा लवकरच घट्ट बसवली.

त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली. पोहे झाले, "स्वयंपाक येतो का" झालं. मुलीनं चहाचा ट्रे पुढं केला आणि आतल्या खोलीत बंदुकीचा बार! पाठोपाठ दुसरा! मग अख्ख्या घरात पिकलेल्या पेरूचा आणि त्याच्या खाली दडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीचा दरवळ.

कुलकर्णीवहिनींनी डोळे मिटून घेतले. मुलगी ट्रे धरून थिजली. मुलाचे वडील उठले, दिगंबरना खांद्याला धरून गॅलरीत घेऊन गेले. दिगंबर आम्हाला सांगत होते, "मला वाटलं, आता म्हणणार, येतो आम्ही."

मुलाचे वडील दबक्या आवाजात म्हणाले, "सगळ्याच फुटल्या, की काही शिल्लक आहे?"

लग्न जमलं! संसार आजही उत्तम चाललाय. फक्त व्याही दर रविवारी सुनेची ख्यालीखुशाली कळवायला यायला लागले. दिगंबरना नाही म्हणवेना. म्हणून पेरूची वाइन चांगली मुरली तर कशी लागते, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

* * *

आता जांभूळ.

त्या वर्षी आबाच्या बांधावरची जांभळं अशी पिकली होती की झाडाखालची माती जांभळी. त्यानं पाटीभर आणून दिली आणि शेतीची कामं निघाली म्हणून रजा टाकून गावी गेला. बरणी माझ्या घरी होती. मधेच बुडबुडे थांबले. का थांबले, देव जाणे. साखर अर्धी तशीच राहिली. मी दिगंबरना बोलावून म्हटलं, "बिघडली. टाकून देऊ?"

त्यांनी एक घोट घेतला आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "जोशीबाई, हीच."

मीही घेतली. आधी गोड, मग जिभेच्या कडांना जांभळाचा तुरटपणा, आणि मागाहून छातीत ऊब. मी पुढं मुलांकडे गेले तेव्हा परदेशातल्याही वाइन चाखल्या. तसलं काही नाही.

आम्ही स्वतःला आवरलं. पाहुण्यांना पाजली नाही, व्याह्यांना कळू दिलं नाही. गाळून बाटलीत भरली आणि आबा आला की तिघांनी मिळून प्यायची असं ठरवलं. बाटली सासूबाईंच्या खोलीतल्या फडताळात ठेवली. तिथं कुणी हात लावत नसे.

सासूबाई लावत होत्या! त्यांचं तेव्हा खाणं तुटलं होतं. दोन घास घेऊन ताट सारायच्या. त्या मधे जरा जेवायला लागल्या, रंग आला, मी हरखून गेले. डॉक्टरांनाही सांगून आले. आबा आला त्या दिवशी फडताळ उघडलं तर बाटलीच्या तळाशी जांभळी कड तेवढी.

"अगं, तू आणलेलं ते टॉनिक संपलं हो," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "जेवणाआधी घेतलं की बरं वाटायचं."

मला रडू यायचं बाकी होतं. दिगंबर भिंतीकडे बघत उभे. आबा मात्र पलंगापाशी जाऊन बसला. "आज्जी, कसं व्हतं?"

"अरे, असं औषध असेल तर दुखणं आलं तरी चालेल!"

आबा इतका हसला की सासूबाईही हसायला लागल्या. जाताना मला म्हणाला, "ताई, वंगाळ वाटून घेऊ नका. जिला लागलं तिला मिळालं. आपुन फिरून करू."

आम्ही फिरून केली. दर वर्षी केली. कधी आंबट, कधी पाणचट, कधी नुसतीच तिखट. तीच जांभळं, तीच बरणी. ते बुडबुडे त्या वर्षी का थांबले, ते मला केमिस्ट असून सांगता आलं नाही. आणि जी एकदा जमली, तिचा थेंबही आबाच्या जिभेला लागला नाही.

* * *

आम्ही रिटायर झाल्यानंतर तो मोठा दुष्काळ पडला. टँकरनं पाणी घालून आबानं मोसंबीची बाग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण झाडं उभीच्या उभी वाळली. त्यानं स्वतः उभं राहून ती तोडून घेतली. हे आम्हाला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या गावचा एक जण बाजारात भेटला, त्याच्याकडून कळलं.

पुढच्या हंगामात आबा नेहमीसारखा पिशवी घेऊन दिगंबरच्या दारात. मीही तिथंच होते.

"घ्या. बागंतली हायत," म्हणाला.

फळं मोठी, चकचकीत, एकसारखी. आबाची मोसंबी कधी एकसारखी नसत. दिगंबरनी एकेक फळ काढून परातीत ठेवायला सुरुवात केली. एका फळावर छोटं रंगीत स्टिकर होतं, दुकानातल्या मालावर असतं तसं. दिगंबरनी ते नखानं अलगद काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

"यंदा फळ चांगलं आलंय," ते म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाला. "यंदा बरं आलं."

* * *

शेवटचं सांगते. आबाचं मोठं आजारपण झालं, दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतरची गोष्ट. त्यातून तो उठला नाही. दिगंबर आता मुलाकडे पुण्याला असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे या किश्श्याविषयी मी त्यांच्याशीही कधी बोललेले नाही.

दिगंबरनी त्या वर्षी एकट्यानं जांभळाची वाइन घातली होती. मला फोन आला, "जोशीबाई, रंग तोच आलाय. चाखलेली नाही. लासूरला जाऊ, आबासमोरच उघडू." मुकुंदवाडीहून आम्ही पॅसेंजर धरली. बाटली त्यांनी मांडीवर धरली होती, टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तशी.

वहिनी, म्हणजे आबाची बायको, ओसरीवर भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, औषधांनी त्येंच्या तोंडाची चवच गेलीया. साखर दिली काय नि माती दिली काय, एकच. पर त्येंच्या म्होरं बोलू नका." मग बाटलीकडे पाहून, "घोटभर द्या. डॉक्टर नाय म्हणले नाहीत."

आबा खाटेवर बसला होता. केवढासा झाला होता! आम्हाला बघून चेहरा उजळला. "आणली?"

"आणली," दिगंबर म्हणाले. त्यांनी बूच काढलं. तीन छोट्या पेल्यांत ओतली. रंग खरंच तोच होता.

आबानं पेला दोन्ही हातांत धरला. घोट घेतला. डोळे मिटले. दिगंबर त्याच्या तोंडाकडे बघत होते, निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखे.

"दिगू," आबा म्हणाला, "जमली रं! लई गोड झाली."

दिगंबरचे डोळे भरून आले. त्यांनी आपला पेला तोंडाला लावला. मी माझा.

व्हिनेगर! शुद्ध, कडक, नाकातून डोक्यात जाणारं व्हिनेगर.

मी दिगंबरकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी गिळलं. मीही गिळलं.

"हाय का न्हाय गोड?" आबानं विचारलं.

"गोड आहे," दिगंबर म्हणाले.

"अगदी तशीच," मी म्हणाले.

"मंग संपवा की. मी सांगतोय, असली पुन्यांदा जमायची नाय."

आम्ही पेले संपवले. घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याचं कारण आता कुणालाच सांगावं लागत नव्हतं. आबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत, मान डोलवत बसला होता. मग गप्पा झाल्या, कारखान्याच्या, माणसांच्या. गाडीची वेळ झाली. दिगंबरनी आबाचा हात हातात घेतला, सोडवेना त्यांना.

आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा पाठीमागून आबाचा आवाज आला. वहिनींना सांगत होता,

"अगं, ऱ्हायलेली बाटली टाकू नगं. कांद्यावर घालायला लई चांगली हाय."