खालच्या मजल्यावरचं ‘मग?’

छापखान्यात त्यांना सगळे तपासनीस बाई म्हणत. छापायच्या आधी प्रत्येक पान त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जाई. पान तपासून झालं की तळाशी चुकांचा आकडा लिहून त्याभोवती गोल काढायचा, ही तिथली रीत. आपल्या नजरेतून सुटलेली एक वेलांटी दाखवा, असं बाईंचं आव्हान होतं. अकरा वर्षांत कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं.

आणि अशा बाईंची आठ वर्षांची मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. वर्गशिक्षकांनी बोलावून सांगितलं, “लिहिते छान. पण उभी केली की गप्प. महिनाअखेरीला मुलं पालकांसमोर एकेक गोष्ट सांगणार आहेत. तिला जरा बोलतं करा.”

बोलतं करा म्हणे! बाई तीन वर्षं दुसरं काय करत होत्या? पोरगी शाळेतलं काही सांगू लागली की भाजी चिरता चिरता त्या शब्दाशब्दाला अडवत, आणि शेवटी आकडा जाहीर करत. “सहा. काल नऊ होत्या. सुधारतेयस हं.” त्यांच्या लेखी हे कौतुक होतं. पोरगी मात्र हळूहळू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘भूक लागली’ एवढ्यावर आली होती. त्यात चुका निघत नाहीत.

एके दिवशी छापखान्यातली वीज गेली म्हणून बाई लवकर परतल्या. जिन्यात पाऊल टाकलं आणि थबकल्या. तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या शेजारणीकडून त्यांच्या लेकीचा आवाज येत होता. चांगला खणखणीत! शिवणयंत्राच्या खडखडाटावर मात करत पोरगी गच्चीवरच्या मांजराची गोष्ट सांगत होती.

“आणि मावशी, ते मांजर एकदम पळाली!”

बाईंची जीभ वळवळली. आतून शेजारीण पायडल न थांबवता म्हणाली, “पळालं होय? बरं, मग?”

“मग ते पळालं ना, ते थेट टाकीवर!”

चूक दुरुस्त झाली होती आणि पोरीला पत्ताही नव्हता. बाई जिन्यातच कठडा धरून ऐकत राहिल्या. वर ‘मावशी’! आपल्याला ही बहीण कधी झाली? जी बाई दुकानावरच्या पाटीत दोन चुका घेऊन पाच वर्षं बसलीय, तिच्यापुढे आपल्या पोरीच्या तोंडाला खंड नाही, आणि आपल्यापुढे कुलूप! त्यानंतर बाई रोज लवकर निघू लागल्या, रोज जिन्यात उभ्या राहू लागल्या आणि रोज जळून वर जाऊ लागल्या. शेजारणीचं सगळं शिकवणं म्हणजे ते एक ‘मग?’. त्या एका शब्दाचा बाईंना जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाच्या दागिन्यांचाही वाटला नव्हता.

गोष्टीच्या दिवशी शेजारीणही आली. अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच. पोरगी तिलाच शोधत होती, हे बाईंना दुसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसलं. मग मांजर आलं, टाकी आली, लोक हसले. बाईंनीही ऐकलं, म्हणजे मोजलं. चार.

टाळ्या संपल्यावर पोरगी धावत आली ती आधी शेजारणीच्या कमरेला बिलगली. बाई हातातली पर्स घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग ती त्यांच्यासमोर आली, हात मागे बांधून, वही तपासायला दिल्यासारखी.

“किती?”

चारचा आकडा बाईंच्या ओठांवर होता, गोलासकट. त्यांनी तो गिळला. तो सहज गिळला गेला नाही.

“टाकीवर गेलं,” त्या म्हणाल्या. “मग?”

पोरीने मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं. तो शब्द कुणाचा आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“खरंच विचारतेयस, की तपासतेयस?”

“विचारतेय.”

मग घरच्या वाटेवर, आधी पुटपुटत आणि कोपरा वळल्यावर मोठ्याने, तिने पुढचं सांगायला घेतलं. सांगताना ती दोनदा चुकली. बाई दोन्ही चुका तशाच घेऊन शेजारी चालत राहिल्या.