आज उदबत्ती नाही

आज सुधाकरांच्या फोटोसमोर मी उदबत्ती लावलेली नाही.

लावणारही नाही.

सुधाकर माझे मिस्टर. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी मनमाडहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा, विमलताईंचा फोन आला. शेजारणीने त्यांना आधीच कळवलं होतं.

"अगं, वर्षाचा दिवस अन् उदबत्ती नाय?"

"ताई, फुलं वाहिलीत. मेणबत्ती लावलीय. बुद्धवंदना झाली. उदबत्ती नाही."

"लय शिकलीस बाई. हे तुला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं का?"

"नाही. तुमच्या भावाच्या कॉम्प्युटरने शिकवलं."

ताईंनी फोन ठेवला. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच इथे लिहिते.

हे शाळेत सायन्स शिकवायचे. घरातला डेस्कटॉप त्यांनी स्वतः पार्ट आणून जोडलेला. जुनं धूड, पण आम्हा दोघांचं.

मशीन त्यांचं, इंग्रजी माझं. कॉलनीतलं कुणीही यायचं. कुणाचा रजेचा अर्ज, कुणाच्या मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म. मी टाईप करायची, हे बाजूला बसून मशीनच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचे.

त्यासाठी एक वही होती. लाल पुठ्ठ्याची. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : आजारपण.

आत तीन रकाने. काय झालं. काय बदललं. मग काय झालं.

मशीन हँग झालं की मला घाई. हेही काढा, तेही बदला, सगळं एकदम करा.

"मॅडम," हे म्हणायचे (कॉन्व्हेंटवाली म्हणून लग्नापासून मी मॅडमच), "एका वेळी एकच गोष्ट. दोन बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते पेशंटलाही कळत नाही."

हे गेल्यावर फोटो कुठे ठेवायचा असा प्रश्न आला. विमलताईंनी तो उचलून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवला.

"याच्यातच जीव होता त्याचा. इथंच राहू दे."

मलाही ते पटलं. फोटोपुढे, टेबलावर, मी उदबत्तीचं घर ठेवलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या. चंदनाच्या.

सातेक महिन्यांनी कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. चालू केला की वीस मिनिटं, मग अंधार. कधी निळा स्क्रीन. एका मुलीचा फॉर्म तीनदा अर्धवट गेला. ती बिचारी नंतर सायबर कॅफेत गेली.

दुकानातला माणूस येऊन बघून गेला. "मावशी, मदरबोर्ड गेलाय. नवीन घ्या."

रोहित, माझा मुलगा, पुण्याला असतो. त्याला हे निमित्तच मिळालं.

"आई, आज कॉम्प्युटर, उद्या गीझर, परवा तुझे गुडघे. एकटीने किती ओढशील? घर बंद कर आणि पुण्याला चल."

"मी हा चालू केला तर?"

"तू?"

"मी. केला, तर मी नाशिकलाच राहणार. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तो हसला. "चालेल."

त्याच्या त्या हसण्याचे मी मनापासून आभार मानते. नाहीतर वही उघडलीच नसती.

यांच्या शेवटच्या नोंदीखाली माझी पहिली नोंद केली. यूपीएस काढला, प्लग थेट भिंतीत लावला. वीस मिनिटं. बंद.

दुसऱ्या दिवशी रॅमची पट्टी काढून खोडरबरने घासली. हे तसंच करायचे. पट्टी परत बसवली. एकवीस मिनिटं. बंद.

मग स्क्रू काढून कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडं ठेवलं. पस्तीस मिनिटं.

म्हणजे बोर्ड मेला नव्हता. त्याला गरम होत होतं.

दुसऱ्या दिवशी झाकण परत लावलं, मशीन चालू केलं आणि सवयीने उदबत्ती लावली. खिडकी बंद होती. वारा अजिबात नव्हता.

तरी धूर वर जाईना.

तो वाकडा वळून सरळ कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत शिरत होता. आतला पंखा त्याला ओढून घेत होता.

मी मशीन बंद केलं, प्लग काढला, झाकण उघडून टॉर्च मारला. पंख्याखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये राखाडी, चिकट थर बसला होता. दाबलेल्या लोकरीसारखा. बोट लावलं, तर चंदनाचा वास आला.

सात महिने रोज दोन वेळा मी त्यांची आठवण म्हणून त्यांच्याच मशीनचा श्वास कोंडत होते.

आणि उदबत्तीने यांना शिंका यायच्या. चाळीस वर्षं मला हे माहीत होतं.

खाली फरशीवर बसून रडले. मग उठून जुना टूथब्रश आणला.

पंखा बोटाने धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाही, आणि पट्ट्या हळूहळू साफ करायच्या. सगळी दुपार त्यात गेली. फोटो समोरच्या भिंतीवर लावला, स्क्रीन दिसेल असा. उदबत्तीचं घर कपाटात गेलं.

मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. मीच बंद केलं.

वहीत लिहिलं : कारण, उदबत्ती.

तेव्हा ज्यांना वाटतं मी यांना विसरले, त्यांनी घरी यावं. चहा देईन. वही दाखवीन. उदबत्ती मागू नये.

रोहित काल आलाय. सकाळपासून सोफ्यावरून स्क्रीनकडे बघतोय.

"अजून बंद नाही पडला?"

"नाही."

थोड्या वेळाने म्हणाला, "आई, मला ऑफिससाठी एक लेटर लिहून देशील? तुझं इंग्लिश चांगलंय."

पुण्याचं नाव नाही.

त्याचं लेटर झालं. आता हे लिहितेय, त्याच मशीनवर. वहीत आजची नोंद केली : सकाळी आठ ते दुपारी एक, काही झालं नाही.

सुधाकर, तुमच्या मॅडमचा जय भीम.

इथलं सगळं चालू आहे.