सरकारतर्फे विरोधी आमदार

वकीलसाहेबांनी एकतीस वर्षं कोर्टात सरकारची बाजू लढवली. सरकार चुकलंय हे शेंबडं पोरही सांगेल अशा खटल्यातसुद्धा साहेब खाकरून उभे राहत आणि चूक नियमात बसवून दाखवत. निवृत्तीनंतर त्यांना निवडणुकीची हौस आली आणि ते चक्क विरोधी पक्षातून आमदार झाले.

बायको म्हणाली, "अहो, जन्मभर ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याशी भांडायला जमेल का?"

"न जमायला काय झालं!" साहेब गुरकावले.

सभागृहात त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की नदीवरचा पूल अकरा वर्षं अर्धवट का? प्रश्न इतका बिनतोड, की मंत्र्यांची ततपप झाली. कागद चाळता चाळता त्यांचा चष्मा खाली पडला. साहेबांना ते बघवेना. सरकारची बाजू इतकी लंगडी मांडलेली त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. ते ताडकन उठले. "अध्यक्ष महोदय, सरकारतर्फे माझं म्हणणं असं आहे..." आणि पूल अर्धवट असणंच कसं रास्त आहे, हे त्यांनी पाच मुद्द्यांत पटवून दिलं. सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. साहेबांच्या पक्षाने कपाळाला हात लावला.

घरी बायकोने हे सगळं टीव्हीवर पाहिलं होतं. तिने दारातच विचारलं, "मग, जिंकलं कोण?"

"सरकार!" साहेब छाती फुगवून बोलून गेले.

"आणि पूल?"

साहेबांनी सावकाश कोट खुंटीला अडकवला. "त्याला पुढची तारीख मिळाली."